धागा : अल्स्टरहून गेलेलं घराणं वसाहतकालीन अमेरिकेच्या दप्तरांत कसं शोधायचं (स्कॉट्स-आयरिश, १७१८ ते १७८५)

दप्तरदार

आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून अठराव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या, म्हणजे स्कॉट्स-आयरिश, घराण्यांचा माग काढणाऱ्यांसाठी हा धागा आहे. या विषयावर पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो : "ते कोणत्या जहाजाने आले?"

हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. पेनसिल्व्हेनियात १७२७ पासून उतारूंच्या याद्या आणि शपथा घेतल्या गेल्या, पण त्या परदेशी प्रजेच्या, म्हणजे मुख्यतः जर्मनांच्या. अल्स्टरची माणसं ब्रिटिश राजाचीच प्रजा होती, त्यामुळे त्यांची यादी करायची गरज कुणालाच वाटली नाही. केंद्र सरकारच्या उतारू-याद्या १८१९ च्या कायद्याने १८२० पासून सुरू होतात. मधल्या शंभर वर्षांत आलेल्या बहुतेक कुटुंबांची आगमनाची नोंदच झालेली नाही. जी नोंद झालेली नाही तिच्यामागे महिने घालवू नका. वंशावळीच्या संकेतस्थळांवर आडनाव मिळतंजुळतं दिसलं म्हणून कुठलंही जहाज चिकटवलेलं असतं, तेही उचलू नका.

या लोकांचा माग जमिनीत लागतो. त्यांनी जमीन मागितली, मोजून घेतली, विकली, तिच्यावर कर भरला आणि तिच्यावरून भांडणंही केली. जिथे जमीन तिथे कागद. म्हणून खात्रीने माहीत असलेल्या शेवटच्या पिढीपासून मागे जायचं आणि एका वेळी एकच काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हातात घ्यायची. प्रत्येक टप्प्यावर पहिला प्रश्न विचारायचा : ही जागा *त्या वर्षी* कोणत्या काउंटीत होती?

पेनसिल्व्हेनियात मूळची चेस्टर काउंटी. तिच्यातून १७२९ मध्ये लँकेस्टर झाली, लँकेस्टरमधून १७४९ मध्ये यॉर्क आणि १७५० मध्ये कंबरलँड. पुढे १७७१ मध्ये बेडफर्ड आणि १७७३ मध्ये वेस्टमोरलँड. व्हर्जिनियात १७३४ ची ऑरेंज. तिच्यातून ऑगस्टा काढायचा कायदा १७३८ मध्ये झाला, पण ऑगस्टाचं न्यायालय बसलं डिसेंबर १७४५ मध्ये, आणि मधली सात वर्षं सगळे कागद ऑरेंजमध्येच झाले. नंतर १७७० मध्ये बोटेटोर्ट, १७७८ मध्ये रॉकब्रिज. उत्तर कॅरोलिनात १७५० ची अॅन्सन, १७५३ ची रोवन, १७६२ च्या कायद्याने मेक्लेनबर्ग.

काउंटी फुटली तरी जुनी दप्तरं नव्या काउंटीत जात नाहीत, ती आईकडेच राहतात. कुटुंब तीस वर्षांत एक पाऊलही हललेलं नसतं आणि तरी त्याचे कागद तीन कचेऱ्यांत विखुरलेले सापडतात. "अचानक गायब झाले" अशी जी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

शिवधुरा

दप्तरदार, धागा काढलात हे फार बरं केलंत. पेनसिल्व्हेनियाच्या जमिनीचं मी लिहितो, कारण बहुतेक घराणी आधी फिलाडेल्फिया किंवा डेलावेअरच्या न्यूकॅसलला उतरली आणि पहिली दहा-वीस वर्षं याच प्रांतात राहिली.

प्रांताचे मालक असलेल्या पेन घराण्याच्या जमीन कचेरीत एका जमिनीचे पाच टप्पे असत : अर्ज, वॉरंट, मोजणी, मोजणीचा परतावा (म्हणजे मोजणीचा अहवाल कचेरीत परत येणं) आणि शेवटी पेटंट, म्हणजे जमिनीची सनद. वॉरंट म्हणजे मोजणीचा हुकूम. ते मिळालं म्हणजे मालकी मिळाली असं नाही. मालकी पेटंटने पुरी होते.

हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराने वॉरंट-नोंदवह्यांची चित्रं ऑनलाइन फुकट ठेवली आहेत. त्या काउंटीवार आहेत. काउंटीत आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे आणि अक्षरात तारखेप्रमाणे नोंदी आहेत. वर्णक्रम पहिल्या अक्षरापुरताच, त्यामुळे 'एम' ची सगळी पानं वाचावी लागतात. आडनाव मॅक असेल तर ती पानं भरपूर निघतात. एका ओळीत वॉरंटदाराचं नाव, एकर, तारीख, परताव्याची तारीख, पेटंट कुणाला गेलं, पेटंटचा खंड-पान आणि मोजणीचा खंड-पान मिळतं. ही ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या, आकडे गाळू नका. मोजणीच्या खंड-पानावरून नकाशा उघडतो, आणि त्या नकाशावर शेजाऱ्यांची नावं असतात.

तीन गोष्टींवर नवे लोक अडखळतात.

पहिली, सहा टक्के. रस्त्यांसाठी शेकडा सहा एकर जादा मोजून देत. कागदावर "२०० एकर व सवलत" असेल तर जमिनीवर साधारण २१२ एकर भरतात. नकाशा काढल्यावर बेरीज जास्त येते म्हणून मोजणी चुकली असं समजू नका.

दुसरी, व्याजाची तारीख. माणूस आधीच येऊन राहिला असेल तर वॉरंटमध्ये "अमुक तारखेपासून व्याज" असं लिहिलेलं असतं. जमीन कसायला घेतल्याची ती तारीख असते आणि वॉरंटच्या तारखेच्या पाच-दहा वर्षं आधीची असू शकते. नोंदवहीत ती नसते, मूळ वॉरंटच काढावं लागतं. कुटुंब त्या जागी कधी आलं याचा याहून चांगला पुरावा क्वचित मिळतो.

तिसरी, कचेरी बंद असल्याचा काळ. विल्यम पेन १७१८ मध्ये वारला. वारसांचा वाद चालला आणि टॉमस पेन १७३२ मध्ये येईपर्यंत जमीन कचेरीचं नेहमीचं काम जवळजवळ ठप्प होतं. नेमक्या याच काळात अल्स्टरची पहिली मोठी लाट आली. त्यांनी झोपड्या बांधल्या, जमीन नांगरली, कागद मात्र झाले नाहीत. प्रांताचा सचिव जेम्स लोगन स्वतः अल्स्टरमधल्या लर्गनचा. त्याच्याच पत्रांत या लोकांनी कॉनेस्टोगा मॅनरची (पेन घराण्याने स्वतःसाठी राखलेल्या मुलखाची) १५,००० एकर जमीन बळकावल्याची तक्रार आहे. तेव्हा १७१८ ते १७३२ मध्ये वॉरंट सापडलं नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता, असं धरू नका. त्या वर्षांसाठी चेस्टर काउंटीच्या कर-याद्या पाहा. डोनेगल टाउनशिप १७२२ पासून त्यांत दिसते. गावाला त्यांनी नाव दिलं तेही अल्स्टरमधलंच.

सस्क्वेहाना नदीच्या पश्चिमेला १७३४ ते १७३६ मध्ये सॅम्युअल ब्लन्स्टनने वस्तीचे परवाने दिले, कारण तिथल्या मूळ रहिवाशांकडून जमीन घ्यायची बोलणी अजून पुरी व्हायची होती. कंबरलँड खोऱ्यातली बरीच जुनी घराणी याच परवान्यांत भेटतात, वॉरंट-वहीत फार उशिरा.

पाऊलखुणा

शिवधुरा, एक शंका आहे. वॉरंट १७४३ चं, पेटंट १७९० च्या पुढचं आणि भलत्याच नावावर. मधल्या काळात खरेदीखत कुठेच नोंदलेलं नाही. हा धागा जोडायचा कसा?

शिवधुरा

पाऊलखुणा, हे तर नेहमीचंच आहे. १७३२ ते १७६५ मध्ये दर होता शंभर एकरांना साडेपंधरा पौंड, शिवाय एकरी अर्धा पेनी वार्षिक खंड. १७६५ पासून दर पाच पौंडांवर आणला आणि खंड एक पेनी केला. साडेपंधरा पौंड ही रोकड सीमेवरच्या शेतकऱ्याजवळ नसायची. थोडी रक्कम भरून वॉरंट काढायचं, मोजणी करून घ्यायची आणि पेटंट राहू द्यायचं. पुढे तो वॉरंटचा हक्कच विकायचा, पुष्कळदा घरातल्या घरात, न नोंदलेल्या कागदावर.

उपाय दोन आहेत. पेटंटचा पूर्ण मजकूर काढा. मूळ वॉरंटदाराकडून हक्क कुणाकुणाकडे गेला याची साखळी पुष्कळ पेटंटांत लिहिलेली असते : अमुक वारला, त्याची मुलं अमुक-तमुक, त्यांनी तमुकला विकलं. नोंदलेलं नसलेलं खरेदीखत असं पेटंटात जिवंत राहतं. दुसरा उपाय म्हणजे खरेदीखतांच्या सूचीत पुढची चाळीस-पन्नास वर्षं पाहत जाणं. १७५० चं खत १७९५ मध्ये नोंदवलेलं सापडतं, कारण नातवाला विकताना हक्क दाखवावा लागला.

जुनीपानं

आता व्हर्जिनिया. फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, यॉर्क, मेरीलँडची पट्टी, विंचेस्टर आणि मग शेनांडोह खोऱ्याने खाली स्टॉन्टन अशी ही वाट जाते. खोऱ्यात दोन मोठे मालक होते. विल्यम बेव्हर्लीकडे १,१८,४९१ एकरांचं १७३६ चं पेटंट आणि त्याच्या दक्षिणेला बेंजामिन बोर्डनकडे १७३९ चं ९२,१०० एकरांचं. ऑगस्टातल्या बऱ्याच अल्स्टर घराण्यांचं पहिलं खरेदीखत या दोघांपैकी एकाकडून झालेलं आहे. खोऱ्याचा उत्तर भाग लॉर्ड फेअरफॅक्सच्या 'नॉर्दर्न नेक'मध्ये येतो. तिथली जमीन वसाहतीच्या पेटंट-वह्यांत शोधून सापडणार नाही, तिची वहीच वेगळी आहे.

इथे एक ठेवा आहे : ऑरेंज काउंटीच्या न्यायालयातल्या आयात-शपथा. स्वखर्चाने वसाहतीत आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकरांचा हक्क मिळे. तो सिद्ध करायला कुटुंबप्रमुख न्यायालयात येऊन शपथेवर सांगे की मी, माझी बायको, ही मुलं, हा नोकर, असे सगळे आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत आलो. १७४० मध्ये अशा शपथांची रांगच लागली होती. पूर्ण कुटुंब नावानिशी एका ओळीत मिळण्याची अशी जागा दुसरीकडे फार नाही.

ठोस उदाहरण म्हणून जॉन मॅकडॉवेल घेऊ. बोर्डनच्या जमिनीवर वसलेल्या पहिल्या माणसांतला हा. फेब्रुवारी १७३९ च्या न्यायालयात त्याने शपथ घेतली की मी, पत्नी मॅग्डालीन, मुलगा सॅम्युअल आणि नोकर जॉन रटर १७३७ मध्ये स्वखर्चाने ग्रेट ब्रिटनहून या वसाहतीत आलो.

या एका ओळीत तीन खाचखळगे आहेत. त्या काळी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून 'फेब्रुवारी १७३९' म्हणजे आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७४०. हे १७५२ पर्यंत चाललं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला आणि नवं वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं. तारीख उतरवताना १७३९/४० असंच लिहावं, स्वतः दुरुस्त करून मूळ पुसू नये. दुसरं, '१७३७' हे व्हर्जिनियात येण्याचं वर्ष आहे, समुद्र ओलांडल्याचं नाही. घराणं त्याआधी पेनसिल्व्हेनियात राहून आलेलं होतं. तिसरं, 'ग्रेट ब्रिटन' हा कारकुनाचा ठोकळेबाज शब्द आहे, जन्मस्थानाचा दाखला नव्हे.

जॉन डिसेंबर १७४२ मध्ये इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत मारला गेला. जागा आजच्या रॉकब्रिज काउंटीत. त्याच्या मालमत्तेचे कागद रॉकब्रिजमध्ये शोधाल तर काही मिळणार नाही, ऑगस्टातही नाही, कारण ऑगस्टाचं न्यायालय आणखी तीन वर्षांनी बसलं. ऑरेंज उघडा. दप्तरदारांनी वर जे सांगितलं ते असं कामाला येतं. त्याच्या विधवेने पुढे धाकट्या बेंजामिन बोर्डनशी लग्न केलं आणि त्याच्यानंतर जॉन बोयरशी. म्हणजे तीच बाई तीन आडनावांनी वह्यांत येते. विधवा सूचीतून नाहीशी झाली तर ती वारली असं समजण्याआधी नव्या नवऱ्याचं नाव शोधा. मालमत्तेच्या हिशोबात "अमुक व त्याची पत्नी, आधीची तमुकची विधवा" असा उल्लेख पुष्कळदा असतो.

सॅम्युअल पुढे केंटकीत गेला. १८०९ मध्ये डॅनव्हिल इथे अंडाशयातल्या गाठीची गाजलेली शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर एफ्राइम मॅकडॉवेल हा त्याचाच मुलगा.

दप्तरदार

जुनीपानं, याच घराण्यातली मेरी ग्रीनली विसरू नका. जॉनची बहीण. बोर्डनच्या वारसांचा जमिनीचा दावा चॅन्सरी न्यायालयात (वारसा, वाटणी असे गुंत्याचे दावे चालवणाऱ्या न्यायालयात) पिढ्यान् पिढ्या चालला आणि १८०६ मध्ये तिची जबानी झाली. १७३७ मध्ये नवरा, वडील आणि भावासोबत बेव्हर्लीच्या जमिनीकडे निघालेलो असताना वाटेतल्या मुक्कामावर बोर्डन आला. माझ्या जागेपर्यंत वाट दाखवणाऱ्याला हजार एकर देतो म्हणाला आणि जॉनने ते कबूल केलं, असं ती सांगते. ही जबानी नसती तर ते कुटुंब तिथे का थांबलं याचं उत्तर कुठल्याच वहीत मिळालं नसतं.

चॅन्सरीचे दावे नवे लोक उघडतच नाहीत याचं मनापासून वाईट वाटतं. त्यांत म्हाताऱ्या साक्षीदारांची वयं, नाती, मूळ गावं, कोण कुणासोबत आला हे सगळं असतं. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाच्या चॅन्सरी सूचीत ऑगस्टाचे दावे चित्रांसकट आहेत. वादी-प्रतिवादींपुरतं थांबू नका, सर्व आडनावांच्या रकान्यातही शोधा. तुमचा माणूस बहुतेक वेळा साक्षीदार असतो. मात्र जबानी घटनेनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी दिलेली असेल तर वर्षं आणि अंतरं दुसऱ्या कागदावर ताडून घ्यावीत.

ऑगस्टाच्या नोंदींचे लायमन चॉकली यांनी केलेले सारांश तीन खंडांत १९१२ मध्ये छापले गेले. ते शोधायला वापरा, पुरावा म्हणून नको. सारांशात साक्षीदार गळतात, चतुःसीमा तर गळतेच.

पाऊलखुणा

व्हर्जिनियाच्या खतांत एक गोंधळ होतो. एकाच जमिनीची दोन खतं, लागोपाठच्या दोन दिवसांची. पहिलं पाच शिलिंगांचं एक वर्षाचं भाडेपत्र आणि दुसरं मोठ्या रकमेचं. आधी भाड्याने घेऊन मग विकत घेतली का?

जुनीपानं

नाही. ही एकच विक्री आहे. इंग्लिश कायद्यातली 'लीज अँड रिलीज' ही ती पद्धत. पहिल्या दिवशी नाममात्र रकमेचं भाडेपत्र करून ताबा द्यायचा, दुसऱ्या दिवशी उरलेला हक्क सोडायचा. खरी किंमत दुसऱ्या खतात असते. पहिलंच वाचून "हे कुळ होते" असं लिहिलेल्या वंशावळी आहेत.

तसंच विक्रीच्या वेळी बायकोला वेगळं बाजूला घेऊन तिची संमती विचारत, कारण नवऱ्याच्या जमिनीत तिचा तिसऱ्या हिश्शाचा हक्क असे. तिचं नाव कुठेच सापडत नसेल तर ते बहुधा या संमतीत मिळेल. ती खताच्या शेवटी असते, नाहीतर न्यायालयाच्या आदेश-वहीत.

शिवधुरा

चतुःसीमेचा विषय निघालाच आहे तर जमीन कागदावर काढायला शिका. अवघड नाही आणि फळ मोठं आहे.

वर्णन असं असतं : पांढऱ्या ओकपासून उत्तर ४० अंश पूर्व, १२० पोल, हिकरीच्या झाडापर्यंत, तिथून अमुकच्या हद्दीने, आणि असंच पुढे सुरुवातीच्या ओकपर्यंत. पोल, पर्च, रॉड ही एकाच मापाची तीन नावं : साडेसोळा फूट. चार पोलांची एक साखळी, ६६ फूट. ३२० पोलांचा मैल. १६० चौरस पोलांचा एकर. म्हणजे २०० पोल लांब आणि १६० पोल रुंद तुकडा ३२,००० चौरस पोल, बरोबर २०० एकर.

आलेखाचा कागद, कोनमापक आणि पट्टी पुरते. एका सेंटिमीटरला २० पोल धरा. शेवटची रेघ सुरुवातीच्या बिंदूला थोडी चुकली तर चालतं, दोन-तीन टक्के फरक त्या काळच्या साखळीत असतोच. फार चुकली तर एखादी रेघ कारकुनाने उतरवताना गाळलेली असते, किंवा 'उत्तर'चं 'दक्षिण' झालेलं असतं. एकेका रेघेची दिशा उलटी करून पाहा, कुठली उलटल्यावर आकार बंद होतो ते लगेच कळतं. दिशा चुंबकीय उत्तरेच्या आहेत, म्हणून आजच्या नकाशावर ठेवताना पूर्ण आकार काही अंश फिरवावा लागतो. जागा पक्की करायला ओढा शोधा. झाडं गेली, ओढ्याची वळणं बहुधा तीच आहेत.

एक तुकडा काढून थांबू नका, शेजाऱ्यांचेही काढा आणि जोडा. आठ-दहा तुकडे जुळले की गाव उभं राहतं. मग दिसतं की लँकेस्टरमध्ये ज्यांच्या हद्दी लागून होत्या त्याच चार-पाच आडनावांच्या हद्दी वीस वर्षांनी ऑगस्टात लागून आहेत आणि पुढे रोवनमध्येही. ही माणसं एकटी हलली नाहीत. मंडळी, मेव्हणे, एकाच चर्चची कुटुंबं अशी मिळून हलली. तुमच्या माणसाचं नाव फारच सामान्य असेल तर शेजाऱ्यांतलं सर्वांत विचित्र आडनाव घ्या आणि त्याचा पाठलाग करा.

कोरापाट

नावांचाच प्रश्न आहे. एका काउंटीत एकाच नावाचे तीन जण असतात. वेगळे कसे करायचे?

दप्तरदार

नावाने करायचे नाहीत. जमीन, बायको, सही आणि शेजारी यांनी करायचे.

प्रत्येक नोंद वेगळ्या ओळीत लिहा : तारीख, काउंटी, ओढा, एकर, बायकोचं नाव, साक्षीदार, सही की खूण. मग गट पाडा. एक जण सही करतो आणि दुसरा कायम 'खूण' करतो तर ते एक असण्याची शक्यता फार कमी. एकाने बफेलो क्रीकवरची जमीन विकली तर ती त्याने घेतली कधी हे सापडलंच पाहिजे. न घेता विकली असेल तर वारशाने आली, आणि तिथे बाप सापडतो. व्हर्जिनियात १७८५ च्या कायद्यापर्यंत मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला जायची. म्हणून थोरला भाऊ धाकट्याला पाच शिलिंगांत जमीन लिहून देतो तेव्हा ती घरातली वाटणी असते. पेनसिल्व्हेनियात थोरल्याला दुप्पट वाटा होता, तो १७९४ पर्यंत.

शब्दांवर जाऊ नका. 'सीनियर-ज्युनियर' म्हणजे बाप-लेक असं नाही, एकाच नावाचा वयाने मोठा आणि लहान एवढंच. चुलता-पुतण्या असतील किंवा काहीच नातं नसेल. मोठा वारला की काल 'ज्युनियर' असलेला आज 'सीनियर' होतो. 'कझिन' पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा असतो. 'सन-इन-लॉ' हा सावत्र मुलगाही असू शकतो.

वय काढायचं तर कायद्याची वयं लक्षात ठेवा. चौदाव्या वर्षी अनाथ मूल स्वतःचा पालक निवडू शकतं, एकविसाव्या वर्षी जमीन विकू शकतं. व्हर्जिनियात सोळाव्या वर्षी मुलगा करपात्र होतो. गुलाम केलेली माणसं, बाया-पुरुष दोन्ही, सोळापासून त्याच कराच्या मोजणीत येतात. मालमत्तेच्या यादीत त्यांची नावं आणि लावलेली किंमत असते. ती नावं उतरवताना गाळू नका. त्यांच्या वंशजांना इतर कागद क्वचितच मिळतो.

पेनसिल्व्हेनियाच्या कर-यादीत तीन वर्ग असतात : जमीनधारक, 'इनमेट' आणि 'फ्रीमन'. फ्रीमन म्हणजे एकवीस पुरे झालेला अविवाहित पुरुष. इनमेट म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहणारा लग्न झालेला किंवा विधुर. एखादा १७५८ मध्ये फ्रीमन आणि १७५९ मध्ये इनमेट दिसला तर मधे त्याचं लग्न झालं. विवाह-नोंद नसलेल्या प्रदेशात हा पुरावा सोन्यासारखा आहे. पण सलग वर्षांच्या याद्या पाहिल्या तरच तो दिसतो, एका सुट्या यादीने काही कळत नाही.

पाऊलखुणा

कॅरोलिनाचं थोडक्यात मी लिहिते.

उत्तर कॅरोलिनाच्या वरच्या अर्ध्या भागाची जमीन लॉर्ड ग्रॅनव्हिलची. त्याच्या कचेरीने १७४८ ते १७६३ मध्ये जमिनीची दाने (ग्रँट) दिली. तो वारला, कचेरी मिटली, आणि पुढची कित्येक वर्षं त्या भागात नव्या जमिनीचे कागदच झाले नाहीत. तिथे १७६५ मध्ये आलेलं घराणं जमिनीच्या वहीत १७७८ नंतर दिसतं. मधल्या काळासाठी कर-याद्या आणि न्यायालयाचे इतिवृत्त पाहायचे.

दोन कॅरोलिनांमधली सीमा १७७२ पर्यंत पक्की नव्हती. आज दक्षिण कॅरोलिनाच्या यॉर्क काउंटीत असलेल्या जमिनींची जुनी दाने उत्तर कॅरोलिनाच्या अॅन्सन, मेक्लेनबर्ग किंवा ट्रायॉनच्या नावाने आहेत. दोन्ही राज्यांची अभिलेखागारं पाहिल्याशिवाय "नोंद नाही" म्हणू नये.

दक्षिण कॅरोलिना मात्र अपवाद आहे. १७६१ च्या कायद्याने गरीब प्रोटेस्टंटांना भाडं देऊन आणलं गेलं आणि त्यांच्या याद्या कौन्सिलच्या इतिवृत्तांत आहेत. १७७२ मध्ये रेव्हरंड विल्यम मार्टिन यांच्यासोबत पाच जहाजांतून आलेल्या कॉव्हेनंटर (प्रेस्बिटेरियनांचा एक उपपंथ) मंडळींच्याही. कुटुंबप्रमुखाला १०० एकर आणि बाकी प्रत्येकाला ५०. म्हणजे ३५० एकरांचं दान दिसलं तर प्रमुख अधिक पाच माणसं. १०० एकरवाला बहुधा एकटा. जहाज हवंच असेल तर ते इथे मिळेल.

दुसरा अपवाद करारबद्ध नोकरांचा. फिलाडेल्फियाच्या १७४५-४६ आणि १७७१-७३ च्या करार-वह्या टिकल्या आहेत. त्यांत नाव, मालक आणि किती वर्षांचा करार ते आहे.

कोरापाट

आणि समुद्राच्या पलीकडे कधी जायचं?

जुनीपानं

अमेरिकेतलं पहिलं ठिकाण पक्कं झाल्यावर. 'आयर्लंड' एवढ्यावर गेलात तर हाती काही लागणार नाही. निदान काउंटी हवी. तिथे शोधाचं एकक 'टाउनलँड' आहे, आपल्याकडच्या वाडीएवढं.

डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागाराला ३० जून १९२२ ला आग लागली. १८५८ पूर्वीची बहुतेक मृत्युपत्रं तीत गेली. बिशपच्या प्रांतांप्रमाणे त्यांच्या सूची राहिल्या. १७०८ ची 'रजिस्ट्री ऑफ डीड्स' वेगळ्या इमारतीत असल्याने शाबूत आहे. बेलफास्टच्या अभिलेखागारात जमीनदारांच्या इस्टेटीची दप्तरं आहेत. अल्स्टरचे भाडेपट्टे ३१ वर्षांचे किंवा 'तीन जिवांचे' असत. करारात तीन माणसांची नावं असतात आणि शेवटचा जिवंत असेपर्यंत पट्टा चालतो. ती नावं पुष्कळदा कुळाच्या मुलांची असतात, वयासकट. मुदत संपून खंड वाढवला जाणं हेच देश सोडण्याचं एक मोठं कारण, म्हणून पट्टा कधी संपला हे पाहाच.

याद्यांपैकी १६६० च्या दशकातली चूलपट्टी, १७४० ची प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची, १७६६ ची धर्मगणना आणि १७९६ ची जवस पेरणाऱ्यांची. कुठलीच पूर्ण नाही, प्रतींच्या रूपाने तुकडे उरले आहेत. १७९६ ची यादी मागे राहिलेल्यांची आहे, तिचा उपयोग वेगळा. तुमचं आडनाव आणि अमेरिकेतल्या तीन शेजाऱ्यांची आडनावं एकाच पॅरिशमध्ये (चर्चच्या परगण्यात) दाट दिसतात का ते तिच्यावरून पाहायचं. दिसली तर त्या पॅरिशचे बाकीचे कागद उघडायचे.

जवसावरून आठवलं. तलम लिननसाठी जवस बी धरण्याआधी उपटावा लागतो, म्हणून अल्स्टरला पेरणीचं बी अमेरिकेतून येई. बी घेऊन आलेली जहाजं परतताना माणसं नेत. बी उतरवायची बंदरं आणि स्थलांतराची बंदरं एकच होती : डेरी, बेलफास्ट, न्यूरी, लार्न. १७३७ पासून निघणाऱ्या 'बेलफास्ट न्यूज-लेटर'मध्ये या जहाजांच्या जाहिराती सापडतात. जहाज कुठून कुठे आणि कधी निघणार ते कळतं, उतारूंची नावं नाहीत.

पाऊलखुणा

चर्चचं राहिलं. प्रेस्बिटेरियन बाप्तिस्मा-वह्या सीमेवर फार थोड्या टिकल्या. ऑगस्टातल्या टिंकलिंग स्प्रिंगच्या रेव्हरंड जॉन क्रेग यांची १७४० ते १७४९ ची वही टिकली आहे. जे खोऱ्यात शोधत आहेत त्यांनी ती आधी वाचावी. डोनेगल प्रेस्बिटरीची (त्या भागातल्या चर्चांच्या कारभारी मंडळाची) इतिवृत्तं १७३२ पासून, हॅनोव्हरची १७५५ पासून. त्यांत सामान्य शेतकरीही येतो, कारण नव्या वस्त्या पाद्री पाठवा म्हणून अर्ज करत आणि कुठली वस्ती कधी उभी राहिली हे त्या अर्जांवरून कळतं.

नावं ठेवायची रीत : थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसरा आईच्या वडिलांचं, तिसरा वडिलांचं. थोरली मुलगी आईच्या आईचं, दुसरी वडिलांच्या आईचं. इशारा म्हणून चांगली, पुरावा म्हणून नाही. लहानपणी वारलेलं मूल यादीत नसतं आणि क्रम सरकतो.

कोरापाट

डीएनए चाचणीने हे सगळं वाचेल का?

शिवधुरा

नाही. १७३० मध्ये आलेला पूर्वज आठ-नऊ पिढ्या मागे असतो. त्याच्याकडून सरासरी अडीचशेवा किंवा पाचशेवा हिस्सा येतो, कधी काहीच येत नाही. नेहमीची चाचणी एवढ्या मागे भरवशाची नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय-गुणसूत्राची चाचणी मात्र कामाची आहे, तीही दोन पर्यायी बाप समोर असताना. दोन्ही घराण्यांतला सरळ पुरुष-वंशातला एकेक जण चाचणीला तयार हवा. दोन पर्याय कागदांतूनच यायला लागतात.

दप्तरदार

कोरापाट, सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात एवढंच करा. खात्रीचा शेवटचा माणूस घ्या. त्याची जमीन कोणत्या ओढ्यावर होती ते काढा. ती विकत घेतल्याचं खत मूळ चित्रात वाचा, सूचीत नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खतांच्या वह्या आहेत. काही घरी उघडतात, काही त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जाऊनच. तिथली मजकूर-शोधाची नवी सोय हस्ताक्षरही वाचते, पण जुन्या लिखाणातल्या लांब 'एस'ला 'एफ' समजते आणि जॉनचं जुनं संक्षिप्त रूप 'जेएनओ' तिला नेहमी कळत नाही, म्हणून संक्षेप टाकूनही शोधा. मॅक असलेली आडनावं मॅक वगळूनही शोधा.

मग त्या खतातले साक्षीदार आणि चारी दिशांचे शेजारी इथे लिहा. काउंटी आणि वर्ष लिहायला विसरू नका. पुढची कचेरी कोणती ते आपण त्या नावांवरून ठरवू.